शुक्रवारचे सेनापती

सेनापती खोलीचा गारवा अंशांत मोजत नसत. एसीची जाळी काढून झाली, की तळहात उलटा करून झोतासमोर धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "स्मोलेन्स्क." म्हणजे बरा गारवा, माणूस तग धरेल. "बेरेझिना" म्हणजे चादर लागेल. आणि "विल्ना" म्हणजे, साहेब, जरा कमी करा, म्हाताऱ्या माणसाची हाडं धरतील. रशियावर चालून गेलेली फ्रेंच फौज मॉस्कोहून माघारी फिरली, तेव्हा वाटेत लागलेली ही गावं आणि ही नदी. दोह्यात, अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाहेर नोव्हेंबरातही ऊन चटकत असताना, ती मी पहिल्यांदा ऐकली ती औशाकडच्या एका एसी मेकॅनिकच्या तोंडून.

मी हसलो. माझे वडील, अण्णा, हसले नाहीत. ते खुर्चीतून उठून एसीपाशी गेले आणि विचारलं, "बेरेझिना गोठलेली असेल ना तेव्हा?"

"न्हाई ना, तिथंच तर घोळ झाला," सेनापती स्टुलावरून म्हणाले. "गोठायची नदी ऐनवेळी वितळली बगा. मग पूल बांधावा लागला."

"काठ कसला होता? दलदलीचा?"

"दलदलच."

"मग पुलाचे पाय खचले असतील," अण्णा म्हणाले आणि मला म्हणाले, "यांना चहा टाकायला सांग मेधाला." मेधा म्हणजे माझी बायको.

अण्णांना माझ्याकडे येऊन तेव्हा दीड महिना झाला होता. दीड महिन्यात ते सलग एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. आई गेल्यावर नाशिकच्या घरात ते एकटेच राहत होते, म्हणून मी हट्टाने त्यांना इकडे आणलं. तीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांवर काढली. बोलणं बेताचं. माझ्याशी तर ठरलेलंच, "जेवलास का?" आणि "आज उशीर झाला?" मी एका स्टेडियमच्या कामावर प्लॅनिंग इंजिनियर होतो. फुटबॉलच्या विश्वचषकाला जेमतेम वर्ष उरलं होतं, समुद्राकाठच्या कॉर्निशवर उलटं चालणारं मोठं घड्याळ लागलं होतं, आणि कुठलं काम किती दिवस मागे आहे ते रोज लाल रंगात दाखवणं हा माझा धंदा होता. त्यामुळे मलाही बोलायला फुरसत नव्हती. आम्हा दोघांचं असंच चालायचं, असं मी धरून चाललो होतो. अण्णांना बोलता येतं, भरभरून बोलता येतं, हे मला त्या दिवशी एसीच्या धुळीत कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं.

सेनापती हे नाव अण्णांनीच ठेवलं. खरं नाव बळीराम. कंपनीकडून एका स्टेडियमच्या एसीच्या कामावर होते, सुट्टीत घरगुती एसी दुरुस्त करायचे. अल मुंतझातल्या एका जुन्या इमारतीत आठ जणांबरोबर राहायचे, बायको-मुली गावाकडे. आता लिहिताना मी त्यांना मानाने लिहितो आहे. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना 'तो' म्हणायचो, आणि तेही फार चांगल्या सुरात नाही.

ही विद्या त्यांना कुठून मिळाली, ते त्यांनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. आधी ते 'द पर्ल' या श्रीमंतांच्या बेटावरच्या बड्या फ्लॅट्समध्ये एसीच्या देखभालीला होते. एक इंग्रज कुटुंब देश सोडून निघालं, तेव्हा दाराबाहेर सामानाचा ढीग लागला होता. त्यात युरोपातल्या लढायांवरची दोन जाडजूड पुस्तकं होती, नकाशांसकट. सेनापतींनी बाईंना खुणेनेच विचारलं, बाईंनी देऊन टाकली. मग एक डिक्शनरी घेऊन कामगारांच्या कॅम्पवरच्या बंकमध्ये पडून त्यांनी ती वाचायला घेतली. पहिलं प्रकरण सहा महिने पुरलं. इंग्रजी त्यातूनच शिकले, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत 'फ्लँक' आणि 'रिट्रीट' हे शब्द अगदी सफाईने येत आणि 'प्लीज' अडखळत येई. तिसरा भाग त्या ढिगात नव्हता. त्यामुळे सेनापतींचं युद्धशास्त्र वॉटर्लूला संपत असे. मी एकदा मुद्दाम नॉर्मंडीच्या किनाऱ्याबद्दल विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "ते तिसऱ्या भागात हाय साहेब. मला ठावं न्हाई." न येणारी गोष्ट माणूस इतक्या सहज कबूल करतो, याचाही मला राग आला.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारची झोप झाली की ते येत. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जाई. खाली टॉवेलाची गुंडाळी सरकवली की टेकडी तयार. पितळी नट म्हणजे फ्रेंच, वॉशर म्हणजे समोरचे, जे कोण असतील ते, आणि तांब्याच्या नळीचे तुकडे म्हणजे तोफा. सेनापती फौजा मांडत. अण्णा पेन्सिलीने त्या कागदावर उतार काढत आणि प्रत्येक लढाईच्या आधी एकच प्रश्न विचारत, "इथलं पाणी कुठं जातं?" पाणी कुठं जातं ते कळल्याशिवाय ते एकही नट हलवू देत नसत. सेनापतींनी चारदोनदा पुस्तकातला नकाशा उलटसुलट करून उत्तर दिलं. मग तेच येताना विचार करून येऊ लागले आणि दारातूनच सांगू लागले, "अण्णा, पाणी पूर्वेला जातंय."

फ्रेंचांच्या त्या जगप्रसिद्ध बादशहाचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं 'बादशहा'. जुन्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात तसं काहीतरी त्यात होतं, धाकही आणि तक्रारही. बादशहाच्या हुशारीचं त्यांना कौतुक होतं, पण जीव अडकलेला असे तो भलतीकडेच. रशियाच्या स्वारीत बर्फावर घोडे पटापट घसरून पडले, कारण त्यांना बर्फात चालणारे नाल ठोकलेच नव्हते. हे सांगताना सेनापती हातातला नट खाली ठेवत. "पोलंडच्या लोकांनी ठोकले होते, त्यांची जनावरं चालली. ह्यांच्या साहेबांना सांगणारं कुणी नसंल का? नालबंद हुता की फौजेत. त्यानं सांगितलंच असंल. ऐकलं न्हाई कुणी." अण्णा मान हलवत. खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला वेगळं सांगायला नको होतं.

एका शुक्रवारी ऑस्टरलिट्झ चालू होतं. पळणारे रशियन गोठलेल्या तळ्यावर गेले, बादशहाने तोफा डागल्या, बर्फ फुटलं आणि हजारो बुडाले, असं सेनापतींनी रंगवून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नंतर तळं उपसलं का कुणी? किती सापडले?" सेनापतींनी पुस्तकात बघून सांगतो म्हटलं. पुढच्या शुक्रवारी चप्पल काढायच्या आधीच सांगू लागले. पुस्तकात मागे बारीक अक्षरात टीप होती. तळं उपसलं होतं, माणसं सापडली ती दोन-चारच, बाकी घोडी आणि तोफा. "अण्णा, तुम्ही तिथं असता तर बादशहाची थाप तिथंच पकडली असती," ते म्हणाले. अण्णा लाजले. माझे वडील लाजलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्या दिवसापासून 'अहो सेनापती' जाऊन 'अरे सेनापती' सुरू झालं.

मला त्यांनी कधी एवढ्या मायेने 'अरे' म्हटलं नव्हतं. शुक्रवारी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तीनपासून बसू लागले. मेधाला ते बरं वाटत होतं. ती मला म्हणाली, "बघ कसे खुलले आहेत. तूही बसत जा ना त्यांच्यात." मी बसत नव्हतो. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत असे, आणि तिथेच एकदा ऐकलं की मी दहावीला शाळेत पहिला आलो, त्या बक्षीस समारंभाच्या दिवशी डावा कालवा फुटला होता. अण्णा सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात वाळूची पोती लावत होते. समारंभाला ते आले नाहीत एवढंच मला माहीत होतं. त्यावरून मी पंचवीस वर्षं मनात आकस धरला होता. आणि ते कारण त्यांनी सांगितलं कुणाला, तर कुठल्याशा लढाईत धरण फोडून शत्रूला अडवल्याचा विषय निघाला म्हणून एका एसीवाल्याला.

मग मीही कंबर कसली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वॉटर्लू वाचून काढलं आणि पुढच्या शुक्रवारी खुर्ची ओढून बसलो. मी तारखा सांगितल्या, फौजांचे आकडे सांगितले, दोन्हीकडच्या सरदारांची नावं सांगितली. शेवटी निकाल दिला, की बादशहा त्या दिवशी सुस्तावला होता. सकाळीच हल्ला चढवायचा सोडून दुपारपर्यंत थांबला, तेवढ्यात प्रशियन मदतीला पोचले. माझ्या भाषेत सांगायचं तर स्टार्ट डिले.

"चिखल होता," अण्णा म्हणाले.

"हो, पण..."

"आदल्या दिवशी धो धो पडलेला. तोफा चिखलात ओढशील कशा? आणि गोळा ओल्या जमिनीत पडला की रुततो, उसळी मारत नाही. वाळायची वाट बघायलाच हवी. माती काळी का तांबडी, ते लिहिलं होतं का तुझ्या त्या वेबसाइटवर?"

लिहिलेलं नव्हतं. मी सेनापतींकडे पाहिलं. त्यांनी हसावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे रीतसर भांडता आलं असतं. ते म्हणाले, "साहेबाचं बी खोटं न्हाई अण्णा. काही लोक तसंच म्हणतात." त्यांनी मला सांभाळून घेतलं, माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर. त्या रागात मी उठलो तो त्या टेबलाशी पुन्हा बसलोच नाही.

पुढे जे केलं ते सांगायला मला तोंड नाही, पण सांगतो. आमच्या इमारतीवर 'फॅमिली ओन्ली' अशी पाटी होती, इथल्या पुष्कळ इमारतींवर असते. एकटे राहणारे कामकरी पुरुष आत नकोत, हा तिचा अर्थ. ती पाळायची का नाही ते बहुतेक वेळा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, ठरवतो. आमचा हारिस बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा, गरीब माणूस. एका गुरुवारी ऑफिसातून येताना मी त्याला म्हणालो, "वो एसीवाला हर फ्रायडे ऊपर आता है. फॅमिली बिल्डिंग है, देख लो."

"सर, वो तो आपके ही घर आता है," तो गोंधळून म्हणाला.

"तो क्या हुआ? रूल सबके लिए सेम है."

दुसऱ्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरून अण्णा बसले होते. बोरोदिनोची लढाई मांडायची होती, उतार आधीच काढून झाले होते. चारच्या सुमाराला माझा मोबाईल वाजला. "साहेब, खाली हारिस सोडंना झालाय. बिल्डिंगचा नियम म्हणतोय, काय की." मी म्हणालो, "असं? बघतो," आणि फोन ठेवला. अण्णांनी नजरेनेच विचारलं. "त्याचं काहीतरी काम निघालं," मी सांगितलं. चहा निवला. सहा वाजता अण्णांनी कागदाची नीट घडी घातली.

पुढचा शुक्रवारही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. आता वडील माझ्या वाट्याला आले, असं मला वाटलं होतं. मी सुट्टीची कामं बाजूला सारून त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "अण्णा, आपण दोघं मांडू या का बोरोदिनो?" त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "नको," ते म्हणाले, "तू दमलेला असतोस." त्यानंतरच्या शुक्रवारपासून ते साडेचारला पायात बूट चढवून "जरा फिरून येतो" म्हणत बाहेर पडू लागले आणि दोन दोन तासांनी परत येऊ लागले. मी ताईला तिच्या सासरी फोन करून कौतुकाने सांगितलं, की अण्णा इथे रमले, आपणहून फिरायला जातात.

मे महिन्यात उन्हाळा सोसवेना, तेव्हा अण्णा ताईकडे परतले. विमानतळावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एसी फार थंड ठेवत जाऊ नका." जुलैत एका सकाळी ते उठलेच नाहीत. मी जाऊन सगळं करून आलो आणि पुन्हा लाल रंगाच्या तक्त्यांना लागलो. सेनापतींना कळवायचं माझ्या मनात आलं होतं. कळवलं नाही. दुःख तरी माझं एकट्याचं असू दे, असं वाटलं.

ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. स्पर्धेच्या आधी पुष्कळ कंपन्यांनी काम संपलेली माणसं घरी पाठवायला घेतली होती, त्यात त्यांचा नंबर लागला होता. "साहेब, समोरच्या बकाल्यापाशी हाय. दोन मिनिटं खाली येता का?" बकाला म्हणजे इथलं किराणा दुकान. मी म्हणालो, "वर या." ते म्हणाले, "नको, नको. नियम हाय." मी खाली गेलो. ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले, दोन करक, म्हणजे इथले कडक दुधाचे चहा सांगितले आणि विचारलं, "अण्णा कसे हायत?"

मी सांगितलं. ते पुन्हा पायरीवर बसले. चहा आला तो त्यांनी हातात धरून ठेवला. मग बोलू लागले ते भलतंच. मैदान गार ठेवायची यंत्रणा त्यांच्या टोळीने कशी बसवली, गवताला लागेल इतपत झोत कसा धरला. "फ्रान्स येणार, इंग्लंड येणार, पोलंड, स्पेन, समदे येणार. एवढ्या फौजा एका गावात, आन् कुणी मरायचं न्हाई. लई बरं वाटलं हुतं अण्णांना हे सांगितल्यावर." थांबून म्हणाले, "खेळणाऱ्यांतलं कुणी, म्हणजे."

"अण्णांना कधी सांगितलंत?" मी विचारलं.

"हितंच की. ते नव्हते का येत शुक्रवारी? ह्याच पायरीवर बसायचो आम्ही, मेमध्ये जाईपर्यंत. मांडायला जागा नव्हती, तर खडूनं काढायचे." त्यांनी पायरीवरून हात फिरवला. "साहेब, एक बोलायचं राहिलं हुतं, म्हणून आलो. मी आधी लई रागात हुतो तुमच्यावर. फोन केला तर बघतो म्हणलात आन् पुन्हा बोललाच न्हाईत. मग अण्णांनी सांगितलं. तुम्ही हारिसशी भांडलात, मालकाच्या हापिसात दोनदा जाऊन आलात, माझ्यापायी. तरी ऐकंनात. म्हणले, 'त्याला लाज वाटते तुला तोंड दाखवायला, म्हणून फोन करत नाही. माझा मुलगा असाच आहे. दुसऱ्यासाठी भांडतो आणि बोलून दाखवत नाही. त्याच्यावर राग धरू नकोस.'"

"सेनापती, ते तसं..." मी म्हणालो. तोंडावर त्यांना या नावाने मी पहिल्यांदाच हाक मारत होतो.

"राहू द्या. अण्णांनी समदं सांगितलंय," ते म्हणाले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि वाट पाहत थांबलेल्या कंपनीच्या बसकडे निघून गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. त्याच दिवशी फोन करून खरं सांगता आलं असतं. मी आजवर केलेला नाही.

अण्णांनाही मी फसवलं होतं, ते भोळेपणाने माझी बाजू घेत राहिले, एवढंच तेव्हा मला वाटलं, आणि तेवढंही पुरेसं जड होतं. इमारतीत शिरताना हारिस खुर्चीवरून उठला. मी त्याला विचारलं, माझ्या वडिलांनी त्या एसीवाल्याबद्दल कधी काही विचारलं होतं का. तो खाली बघू लागला.

"पूछा था सर. दूसरे फ्रायडे को. मैंने बोल दिया, आपके बेटे का ऑर्डर है. बाबाजी बहुत देर इधर कुर्सी पे बैठे. फिर बोले, ठीक है, मेरे बेटे को मत बताना कि मैंने पूछा."

मी लिफ्टची वाट पाहत उभा राहिलो. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं आणि ती रिकामीच वर गेली. म्हणजे अण्णांना माहीत होतं. बोरोदिनो मांडू या का, असं मी विचारलं तेव्हाही माहीत होतं. 'माझा मुलगा असाच आहे,' हे वाक्य ऐकण्यासाठी मी आयुष्यभर काय काय केलं होतं. ते अण्णा बोलले होते, मी कसा आहे ते पुरतं कळल्यावर बोलले होते, आणि ऐकायला मिळालं ते सेनापतींना. याबद्दल मी त्यांचा अजून हेवा करतो.